भोंग्याच्या जागी कांडी

१

डबा परत आला तेव्हा मी गाळ्याच्या उंबऱ्यावर झेंडूची माळ ओवत बसले होते. दुसऱ्या दिवशी दसरा होता. परदेशी शिक्के मारलेला तो डबा मी लांबूनच ओळखला, कारण तो मीच भरून पाठवला होता.

आमच्या मंडळाचा कारकून हेरंब याने पट्टी कापली. आत बाहेरची पिशवी, तिच्यात कापसाची गादी, कापसात आतली पिशवी. सगळं मी ठेवलं होतं तसंच. फक्त आतल्या पिशवीत भोंगा, म्हणजे आमचं बोलकं यंत्र, नव्हता. त्याच्या जागी एक लाकडी कांडी होती, गिरणीत सूत भरून धोट्यात बसवायचे तसली. वजन भरावं म्हणून तिच्या पोकळीत खिळे ठासलेले.

"तुळसाताई, तुम्ही हे पाठवलंत?" हेरंबने विचारलं.

"माझं डोकं फिरलंय का रे?"

सोबत कंपनीची चिठ्ठी होती. तुमचा डबा सीलबंद मिळाला, आत यंत्र नव्हतं, नाताळच्या आत खरं यंत्र आलं नाही तर बदलीचं यंत्र देता येणार नाही.

मी काचेतून बाहेर बघितलं. घशाच्या ऑपरेशनात आवाज गेलेला विठोबा बाकावर बसला होता. बदलीचं यंत्र त्याला मिळायचं होतं. डबा आलेला बघून तो उभा राहिला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत परत खाली बसला.

२

संप होऊन चार-पाच वर्षं झाली होती. लालबागच्या गिरण्या काही सुरू, बऱ्याच बंद. आमच्या घोडपदेवच्या चाळीत बाप्ये घरी बसले आणि बायका कामाला लागल्या. मला या मंडळात काम मिळालं. मंडळ म्हणजे एका चाळीच्या तळमजल्यावरचा गाळा. घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांची स्वरपेटी काढावी लागली अशा लोकांसाठी कमळाबाईंनी ते सुरू केलं होतं. त्या परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात घशाच्या वॉर्डच्या सिस्टर होत्या. रिटायर झाल्या तरी गिरगावातून रोज बसने यायच्या. पांढरी साडी, हातात छत्री, आणि जीभ अशी की वॉर्डबॉय अजून घाबरायचे.

एका परदेशी कंपनीने मंडळाला बोलकी यंत्रं भेट दिली होती. टॉर्चएवढं यंत्र. त्याला नळी लावायची, नळीचं टोक तोंडात धरायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. यंत्र घरघरायचं आणि त्या घरघरीचे शब्द व्हायचे. बाई बोलली काय, बाप्या बोलला काय, आवाज तोच. मिलचे लोक त्याला भोंगा म्हणायचे. पहाटे ज्या भोंग्याने अख्खं लालबाग उठायचं तो बंद झाल्यावर आमच्या गाळ्यात तेवढे भोंगे वाजायचे. मला अजून कधी दुपारी डोळा लागला की ती घरघर ऐकू येते, आणि जाग आल्यावर ती नाही म्हणून चुकल्यासारखं होतं.

भोंगा बिघडला की तो कंपनीला परत करायचा, मग बदलीचा यायचा. पण पाठवण्याचे नियम कडक. वापरलेली वस्तू माणसाच्या शरीराला लागलेली असते, तेव्हा ती आधी साबणाने धुवायची, जंतुनाशकाने पुसायची, सुकवायची. सेल काढायचे. तोंडात जाणारी नळी मुळीच पाठवायची नाही. मग न गळणारी पिशवी, तिच्याभोवती ओल शोषणारा कापूस, वर दुसरी पिशवी, वर टणक डबा. डब्यावर ‘वापरलेले वैद्यकीय उपकरण’ असं इंग्रजीत, आणि वजन. ते नियम मी भिंतीला लावले होते आणि दर शनिवारी पेशंट लोकांना वाचून दाखवायची.

"एवढं सोवळं कशाला?" एकदा कुणीतरी भोंग्यातून विचारलं.

कमळाबाई म्हणाल्या, "तिकडे डबा उघडणारी पण कुणाची तरी पोर असते. आपल्या तोंडातलं तिच्या हाताला का लागावं?"

यावेळचा भोंगा जगनचा होता. जगन श्रावणात गेला. शेवटी शेवटी त्याच्या भोंग्याचं बटणही गेलं होतं. त्याची बायको राधाबाई स्वतः तो घेऊन आली. मी नियमाप्रमाणे धुतला, नळी काढली, उकळून राधाबाईच्या हातात ठेवली. भोंगा शनिवारी दुपारी डब्यात भरला आणि डबा कपाटात ठेवला. रस्त्याची धूळ नको म्हणून काचा लावून घेतल्या होत्या.

"किल्ली धन्वंतरीच्या तसबिरीमागे आहे," मी हेरंबला सांगितलं. "आणि चहात साखर कमी घाल. मुंग्यांचं बारसं आहे का आज?"

बाहेर बाकावर विठोबा एकटाच बसला होता. तो गालातल्या गालात हसत होता. त्या सबंध महिन्यात मी त्याला हसताना तेवढंच बघितलं.

सोमवारी सकाळी मंडळाचे डबे पोचवणारा रामजी आला. त्याच्या समोर मी डब्याला लाखेचं सील मारलं आणि तो डबा घेऊन सहारला विमानाच्या मालखात्यात गेला.

३

कमळाबाईंनी कांडी हातात घेतली, नाकाशी नेली.

"तुळसा, वास घे."

जंतुनाशकाचा वास होता. बंद पिशवीत तो तसाच राहिला होता.

"चोराने कांडी धुतली, पुसली, सुकवली, मग भरली," त्या म्हणाल्या. "असा चोर मी जन्मात बघितला नाही. बोलव एकेकाला."

रामजी पहिला. पूर्वी माझगावच्या गोदीत होता. आपल्यावर संशय आहे हे कळलं आणि तो उखडला. "सिस्टर, बाळंतिणीच्या पोरासारखा मांडीवर घेऊन गेलो डबा! सील फोडायला मी काय खुळा?"

"ओरडू नका. सील तिकडे अख्खं पोचलंय. म्हणजे कांडी आत गेली ती तुमच्या हातात डबा यायच्या आधी. जा, चहा प्या."

म्हणजे शनिवार दुपार ते सोमवार सकाळ. रविवारी सकाळी पेशंट लोक आरशासमोर ओठ हलवायच्या सरावाला यायचे, गाळा उघडा असायचा. कपाट मात्र बंद.

"कपाटाची किल्ली कुठे असते ते कुणाला माहीत?"

"मला आणि हेरंबला," मी म्हटलं आणि माझी मलाच लाज वाटली. हेरंबवर माझा संशय होताच. पोरगा गिरगावात रेडिओ दुरुस्त करायचा. भोंग्याचं पोट उघडून बघायची त्याला भारी हौस.

हेरंबचे कान लाल झाले. "बाई, मी घेतला असता तर कांडी भरली असती का? कंपनी प्रत्येक यंत्र टेबलावर ठेवून तपासते, हे मलाच तर माहीत आहे. डबा उघडल्या उघडल्या पकडलो गेलो असतो."

"बरोबर बोललास," कमळाबाई म्हणाल्या. "ज्याने घेतला त्याला वाटलं, डबा कुणी उघडणारच नाही."

राधाबाई संध्याकाळी आली. भारतमाता सिनेमाच्या मागच्या गल्लीत ती जेवणाचे डबे करून द्यायची. हाताला हळदीचा रंग कायमचा.

"माझ्यावर आळ घेताय, सिस्टर? मला ठेवायचा असता तर मी आणून दिला कशाला असता? हरवला म्हटलं असतं, मिटलं."

"आळ घेत नाही ग. नळी कुठे आहे?"

"आहे. त्यांच्या फोटोखाली." ती एकदम हळू बोलू लागली. "तेवढी राहू द्या. तुळसाने सांगितलंय ती पाठवायची नसते."

ती गेल्यावर कमळाबाईंनी कांडी परत हातात घेतली.

"तुळसा, बंद पडलेला भोंगा. विकायला जा, कुणी घेणार नाही. वापरायला घे, वाजत नाही. तो चोरून करायचं काय?"

बाहेर बाक रिकामा होता.

४

दुसऱ्या दिवशी आम्ही विठोबाच्या खोलीवर सोनं द्यायला गेलो. दसऱ्याचं निमित्त. दारावर तोरण होतं. विठोबा भाजी आणायला गेला होता. आत त्याची आई, सखुबाई, पलंगावर बसली होती. मोतीबिंदू पिकून तिचे दोन्ही डोळे गेलेले.

मी तिच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. तिने माझा हात चाचपला.

"कोण गो तू?"

"मंडळातली तुळसा. सिस्टर पण आल्यात."

"माझ्या झिलाक, विठोक, आवाज कधी देतात?" तिने विचारलं. "डोळे नायत म्हणान तो ओठ हलवता तां दिसणा नाय. पाटयेर लिवता, तां वाचूक येणा नाय. घरात आसा की भायर, माका कळणा नाय. पाण्याचो तांब्यो हातात इलो की समजायचा, विठो इलो."

हेच होतं सगळं. नाताळपर्यंत भोंगा सापडला नाही तर या बाईला आपला मुलगा ऐकू येणार नव्हता. ती किती दिवसांची सोबतीण होती कोण जाणे.

"लवकरच," कमळाबाई म्हणाल्या. "कुणी येतं का सोबतीला?"

"जगन इल्लो. विठोचा आपरेशान झाला त्येच्यानंतर. दारात उभो रवान त्या यंत्रान म्हणाक लागलो, ‘आये, मी जगन.’ लय बरा वाटला. दोघा एकाच साच्यार शिकली, माझ्याच ताटात जेवली. पण संपात जगन आधी कामार गेलो, तेव्हापासून ह्यो त्येच्याकडे बघणा नाय. त्या दिवशीपण बोललो नाय." ती थांबली. "परत येवक नाय जगन. रागावलो आसतलो."

मी कमळाबाईंकडे बघितलं. जगन गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? ज्याने सांगायचं त्याला आवाज नव्हता.

जिना उतरताना कमळाबाई छत्री टेकून मधल्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"विठोबा गिरणीत कुठल्या खात्यात होता?"

"साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर. जगन आणि तो शेजारी शेजारी साचे चालवायचे."

"असं होय," त्या म्हणाल्या आणि छत्री उचलून उरलेल्या पायऱ्या उतरल्या. मला रात्रभर चैन पडलं नाही.

५

शनिवारी विठोबा नेहमीसारखा बाकावर येऊन बसला. कमळाबाईंनी काचा लावून घेतल्या, मला गप्प राहायची खूण केली आणि काचेजवळ उभ्या राहिल्या. मग नुसते ओठ हलवले. आवाज अजिबात नाही. मी हाताच्या अंतरावर होते, मलाही काही ऐकू आलं नाही.

बाहेर विठोबाने दचकून आपल्या पायांकडे बघितलं.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"विठोबा, कुत्र्याने तुझी चप्पल पळवली."

त्याने वर बघितलं. चप्पल पायातच होती. कमळाबाई त्याच्याकडे बघत होत्या. त्याला सगळं कळलं. तो उठून पळाला नाही. आत आला आणि स्टुलावर बसला.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. साचेखात्यात शेकडो साचे धडधडतात, कानाला कान लावला तरी शब्द ऐकू येत नाही. तिथली माणसं आयुष्यभर ओठांवरून बोलतात. तसबिरीमागची किल्ली आणि चहातली साखर, दोन्ही त्याने काचेपलीकडून ऐकलं होतं. म्हणून तर तो हसला होता.

"तू सोडून कुणावरही संशय घेतला असता," कमळाबाई त्याला म्हणाल्या. "नुकसान तुझंच होतं ना. पण नियम तुला पाठ होते, किल्ली तुला दिसली होती, आणि बंद पडलेल्या भोंग्यावर जीव तुझाच होता. एक मात्र मला कळलं नाही. नवा भोंगा तुला हवा होता की नको?"

विठोबा ओठ हलवू लागला. कमळाबाई वाचत होत्या आणि मला सांगत होत्या. वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर त्यांनाही ते येत होतं.

"हवा होता, म्हणतो. आयेसाठी हवाच होता... गिरणीत धोटा मोडला, कांडी चिरली, की जुना तुकडा स्टोअरच्या खिडकीत द्यायचा, तरच नवा मिळायचा. वेस्टमध्ये, म्हणजे टाकाऊ सुतात, गुंडाळून द्यायचा. स्टोअरवाला हातात तोलायचा आणि पोत्यात टाकायचा. बघायचा कधीच नाही. सगळे साचेवाले वाटेल ते लाकूड गुंडाळून द्यायचे. त्याला वाटलं, ही पण कंपनीच. वजन बघेल आणि नवा देईल."

मला हसू आलं आणि रडूही. एवढा साधा हिशेब. सबंध आयुष्य ज्या खिडकीसमोर गेलं, ती खिडकी त्याला साता समुद्रापलीकडेही तशीच असेल असं वाटलं होतं.

"मग डबा परत आला तेव्हा का बोलला नाहीस?" कमळाबाईंनी विचारलं.

विठोबाने गळ्यावरच्या भोकाकडे बोट दाखवलं. "कशाने बोलू, म्हणतो." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "आता चेष्टा पुरे. खरं सांग."

त्याने सदऱ्याचा खिसा चाचपला. मग हळूहळू, जपून, ओठ हलले.

"साचेखात्यात कुणाचं ऐकायचं नसलं की मान फिरवायची. ओठ दिसले नाहीत की माणूस मुका. संपानंतर हा जगनकडे बघायचाच नाही. जगन रस्त्यात समोर आला की हा मान फिरवायचा... पोरं उपाशी होती म्हणून जगन कामावर गेला, हे त्याला माहीत होतं. तरी... ऑपरेशन झाल्यावर जगन दारात आला. ह्याने भिंतीकडे तोंड केलं. पण भोंगा होता ना." कमळाबाईंचा आवाज बदलला. "तोंड फिरवलं तरी ऐकू आलं. ‘विठ्या, बोल की रे.’ ... हा वळला नाही. वळला तेव्हा दार रिकामं होतं. नंतर जगन गेल्याचंच कळलं."

विठोबाने खिशातून एक पुडी काढली. मिलच्या जुन्या मांजरपाटात भोंगा गुंडाळलेला होता. त्याने बटण दाबून दाखवलं. काही वाजलं नाही. परत दाबलं.

"रोज दाबतो, म्हणतो."

६

मी राधाबाईला बोलावून आणलं. वाटेत तिला सगळं सांगितलं. मला वाटलं ती भांडेल. ती गाळ्यात शिरली आणि संपानंतर पहिल्यांदाच विठोबासमोर उभी राहिली. त्याची मान खाली.

"इकडं बघा," ती म्हणाली. "मान फिरवू नका. मला तुमचं ते ओठांचं येत नाही, पण माझं तुम्हाला कळतंय ना? ते माझ्याशी निदान भांडायचे तरी. तुमच्याशी बोलायला मात्र झुरत गेले."

विठोबाने पुडी तिच्यापुढे धरली.

"मला नको. हा पाठवा. आयेला आवाज द्या आधी." तिने पदराची गाठ सोडली. आत ती नळी होती. "ही घ्या. त्यांच्या तोंडातली आहे. ही कंपनीला पाठवायची नसते, होय ना ग तुळसा?"

"नियमच आहे," मी म्हटलं. भिंतीवरचा तो कागद मला इतका आवडला नव्हता कधी.

विठोबाने नळी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि खिसा वरून दाबून धरला. मी त्याच्यासमोर भोंगा पुन्हा धुतला, पुसला, सुकवला. पिशवी, कापूस, पिशवी, डबा. यावेळी गाठ त्यानेच मारली. रामजी येऊन डबा घेऊन गेला, आणि विठोबा नाक्यापर्यंत त्याच्यामागून चालत गेला.

बदलीचा भोंगा नाताळच्या सुमारास आला. कमळाबाईंनी त्याला शिकवलं, थोडंच शिकवावं लागलं. ओठ तर त्याचे तयारच होते. पहिला शब्द गाळ्यात बोलायचा नाही, घरी बोलायचा, असं त्याने ठरवलं होतं. आम्हाला मात्र सोबत नेलं.

आता विठोबाच्या त्या चाळीच्या जागी इतका उंच टॉवर आहे की वर बघताना माझी मान दुखते. मी लालबागला गेले की त्याच्या फाटकाशी जरा उभी राहते. वॉचमन विचारतो, "किधर जाना है, माताजी?" त्याला काय सांगणार, मला दुसऱ्या मजल्यावर जायचंय, आणि तो दुसरा मजला आता नाही.

सखुबाई पलंगावर वाती वळत होती. विठोबा दारात उभा राहिला. मी बघितलं, एक हात खिशावर होता. दुसऱ्या हाताने त्याने भोंगा धरला, नवीन नळी ओठात घेतली आणि बटण दाबलं.

"आये," भोंगा म्हणाला.

तिच्या हातातली वात थांबली. तिचा सगळा चेहरा दाराकडे वळला आणि उजळला. भोंगा कुणाचाही असला तरी आवाज तोच असतो, हे आम्ही सगळेच विसरलो होतो.

"जगन?" ती म्हणाली. "इलंस रे बाबा? ये, बस. विठो अजून तुझ्याकडे बोलणा नाय?"

कमळाबाई पुढे व्हायला लागल्या, मी त्यांचा पदर धरला. विठोबा भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलले. मग तो परत फिरला, आईजवळ जाऊन बसला, आणि भोंगा ओठांशी नेला.

"मी बोलतंय गे, आये," तो म्हणाला. "बोलतंय."